क्लोट्रिमॅझोलचं सावकाश काम करणारं जेल: गुठळ्या, पीएच आणि कण

नायट्यावरच्या जेलमधून औषध सावकाश सुटायला हवं असेल, तर जेल नुसतं घट्ट करून भागत नाही. वेग ठरवतात ते आतले सच्छिद्र कण. क्लोट्रिमॅझोल (नायट्याच्या बुरशीवरचं औषध) आणि इथाइल सेल्युलोज (कणांचा सांगाडा होणारं पॉलिमर) डायक्लोरोमिथेन या द्रावकात विरघळवून पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पाण्यात ढवळत ओता. द्रावक उडाला की कण गाळून, धुऊन वाळवा. फार मोठे कण बोटाला रेतीसारखे लागतात, ते चाळून काढा.

१०० ग्रॅम जेलला १ ग्रॅम कार्बोपोल ९४० (जेल घट्ट करणारी भुकटी) घ्या. भुकटी पाण्यात ढवळणीने होणाऱ्या भोवऱ्यात चिमटीचिमटीने भुरभुरवा. एकदम ओतली तर बाहेरून ओल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या सहजी फुटत नाहीत. रात्रभर भिजू द्या. मग ट्रायइथेनॉलअमाइन (आम्लता मारणारा अल्कली) थेंबाथेंबाने, पीएच ६.५ येईपर्यंत. कण त्यानंतरच घाला: क्लोट्रिमॅझोल आम्लात तुटतं आणि भिजलेलं कार्बोपोल तोवर आम्लधर्मीच असतं. कणांत औषध ५० टक्के असेल, तर १ टक्का औषधाच्या जेलसाठी २ ग्रॅम कण लागतात. इथून पुढे हळूच ढवळा. एकदा शिरलेली हवा निघता निघत नाही.

क्षार टाळा, जेल पातळ पडतं. फ्रान्झ सेलमध्ये (पडद्यातून औषध किती वेगाने खाली उतरतं ते मोजणारं भांडं) ३२ अंश सेल्सिअसला चाचणी घेताना पडद्याखालच्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) थोडं इथेनॉल हवंच. नाहीतर औषध विरघळत नाही आणि औषध सुटण्याचा आलेख उगाच संथ दिसतो.