तुम्ही विचारलंत म्हणून: खाटल्याचं गाणं

कार्यक्रम संपला की कुणीतरी हमखास विचारतं, "एवढी हसवणारी गाणी म्हणता, मग मधेच ते उदासीचं कशाला? आजारी माणसाची चेष्टा नाही का होत?" प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

ते गाणं अहिराणीतलं, म्हणजे खानदेशातल्या बोलीतलं. कापूस वेचणीला आलाय आणि एक तरणाबांड शेतकरी खाटल्यावरून उठतच नाही. तो काही बोलत नाही, बोलतं ते खाटलं. "ऊठ ना भाऊ, मनी बी पाठ दुखी राहिनी," अशी त्याची तक्रार सुरू झाली की मांडव हसायला लागतो. मग एकेका कडव्यात एकेक सल्लागार येतो. मामा म्हणतो, लगीन करी टाका. शेजारीण म्हणते, नजर उतारा. मित्र म्हणतो, संध्याकाळी आमच्यात येऊन बस. प्रत्येक सल्ल्यानंतर सगळ्यांनी म्हणायचं, "बरं व्हई जाई, बरं व्हई जाई."

हसू येतं ते खाटल्याचं आणि या सल्ल्यांचं. त्या माणसाची नक्कल मी करत नाही. वेड्याचं सोंग आणलं की हशा पिकतो, हे स्टेजवरच्या कुणालाही ठाऊक असतं. पण समोर गोळ्या चालू असलेलं एखादं माणूस बसलेलं असतं. तो हशा ऐकून घरी गेल्यावर ते गोळ्या लपवून घेईल, नाहीतर बंदच करेल. आणि जिवाचं बरंवाईट करण्यावर तर एक ओळसुद्धा विनोदी लिहायची नाही, हे मी पक्कं ठरवलंय.

चाल मुद्दाम नाचाची घेतली, केरवा तालातली. रडक्या चालीत सुरुवात केली तर लोक पहिल्याच ओळीला सावध होतात, कुणी तंबाखू मळायला घेतो, कुणी मोबाइल काढतो. केरव्यावर पाय आपोआप हलतात. चौथ्या कडव्याला ढोलकी थांबते. पेटीवर नुसता एक सूर धरलेला असतो आणि तो माणूस पहिल्यांदा तोंड उघडतो, "माले काहीच करू नही वाटस." लगेच ढोलकी परत त्याच ठेक्यात सुरू होते आणि आता हीच ओळ धृपद होते. सगळा मांडव ती म्हणतो, टाळ्या वाजवत.

एवढ्यासाठी हे गाणं आहे. आपल्याकडे हे वाक्य एकट्यानं म्हणायची सोय नाही. पुरुषानं म्हटलं तर तो आळशी, सुनेनं म्हटलं तर कामचुकार, आणि माहेरपर्यंत बोभाटा. धृपदात मात्र कोण नुसतं गातंय आणि कोण खरंच सांगतंय, हे शेजारच्यालाही कळत नाही. ज्याला सांगायचं असतं त्याचं ते मोठ्यानं म्हणून झालेलं असतं.

पारोळ्याकडच्या एका गावात, श्रावणात, कानबाई देवीच्या जागरणात हे गाणं झालं. पहाटे चहाच्या वेळी एक आबा शेजारी येऊन बसले. बशीतला चहा संपेपर्यंत गप्प. मग म्हणाले, "पोऱ्या, मना घर बी असंच खाटलं शे." कुणाचं, ते मी विचारलं नाही. त्यांच्या साध्या मोबाइलात १४४१६ हा मनाच्या आजारासाठीच्या मदतीचा नंबर घालून दिला आणि नावाच्या जागी, त्यांनीच सांगितलं तसं, "खाटलं" लिहिलं.

गाण्यानं आजार बरा होतो, असं मी कुठेही म्हणत नाही. दोन आठवडे रोज, दिवसातला बराचसा वेळ मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, झोप-भूक बिघडली, तर डॉक्टरला दाखवायला हवं. देशातल्या १२ राज्यांत २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं होतं. १४४१६ ही सरकारची टेली मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं.

आयोजकांना माझी एकच विनंती असते. या गाण्यानंतर लगेच पुढचं गाणं लावू नका, थोडा वेळ चहा ठेवा. आणि नंबरची पाटी स्टेजवर नको, चहाच्या टेबलाजवळ लावा. स्टेजवरचा नंबर चारचौघांत कुणी टिपून घेत नाही.