थोरला-धाकटा: एका पेटीतून दोन पेट्यांत, सहा आठवड्यांची नोंद

दोन्ही बिअर्डेड ड्रॅगन (ऑस्ट्रेलियातले दाढीवाले सरडे) आता नऊ महिन्यांचे. मादी म्हणून आणलेला धाकटाही नरच निघाला. शेपूट हलकेच वर उचललं की बुडाशी दोन बाजूंना दोन फुगवटे आणि मधे खळगा, म्हणजे नर. पिलांत हे नीट कळत नाही, त्यामुळे ‘जोडी आहे’ या विक्रेत्याच्या शब्दाला फारशी किंमत नाही.

आठवडा १. चावाचावी अजून नाही. दिवे लागले की थोरला दाढी काळी करून मुंडी झटक्याने वर-खाली करतो. धाकटा पुढचा एक पाय सावकाश फिरवतो. हा नमस्कार नव्हे, शरणागती. दुपारी थोरला त्याच्या पाठीवर चढून बसतो. फोटोत ती माया वाटते, पण ऊब आणि यूव्हीबी (अतिनील किरण) वरच्याला मिळतात, खालच्याला उरलंसुरलं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर थोरला २८६ वरून २९८ ग्रॅम, धाकटा २१२ वरून २०७. दातांआधी काटा सांगतो. म्हणून दर रविवारी, खाऊ घालण्याआधी वजन.

आठवडा २. दुसरा दिवा, दुसरी ताटली, मधे आडोसा. उपयोग काही नाही. थोरला दोन्ही जागा राखायला लागला. ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या रानात हरलेला पळून जातो. ४ × २ × २ फुटांच्या पेटीत तो पळणार कुठे? गुरुवारी धाकट्याच्या शेपटीचं टोक फाटलं. पोव्हिडोन आयोडीन (जखमेवरचं जंतुनाशक) पाण्यात कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून दिवसातून दोनदा. खालची माती काढून कागद. काळेपणा टोकाकडून वर सरकू लागला तर घरचे उपाय बंद आणि सरपटणाऱ्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठायचा. यांची शेपूट पालीसारखी परत येत नाही.

आठवडा ३. धाकट्याला त्याच मापाची वेगळी पेटी. दिव्याखाली शहाबादी फरशीचा तुकडा: सावकाश तापतो, पण वीज गेली तरी बराच वेळ ऊब धरतो. ७५ वॅटचा हॅलोजन. फरशीचा पृष्ठभाग इन्फ्रारेड थर्मामीटरवर ४०–४२ अंश, थंड टोक २५–२७. १२ टक्क्यांची टी-५ (बारीक ट्यूबलाइटसारखी) यूव्हीबी नळी, मधे जाळी नाही, बसायच्या जागेपासून साधारण १५ इंचांवर. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यूव्हीबीच्या हिशेबात धरू नये.

इथे एक चूक झाली. पेट्या समोरासमोर ठेवल्या, आणि थोरला दिवसभर काच खरवडत, दाढी काळी करून उभा. भांडायला स्पर्श लागत नाही, दिसणं पुरतं. मधे पुठ्ठा लावल्यावर चार दिवसांत थांबला.

आठवडा ४ ते ६. बेळगावचा जुलै. आर्द्रता ८० टक्क्यांवर, हवी असते ३०–४०. जिल्ह्यातल्याच जास्त पावसाच्या खानापूरकडे याहून वाईट, कोरड्या भागातल्या अथणीवाल्यांना एवढी चिंता नसावी. दमटपणात चाव्याची जखम चिघळते, म्हणून पाण्याची वाटी रात्री बाहेर, झरोक्याशी छोटा पंखा, दिवे १२ तास. दबून राहिलेल्या जनावरात कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) बळावतात. धाकट्याची विष्ठा तपासून घेतली, चिमटे आणि वाट्या वेगळ्या केल्या. पाल्यात शेवगा, किसलेला तांबडा भोपळा, जास्वंदीची फुलं. ऑक्सलेटमुळे (ते कॅल्शियम अडवतं) पालक नाही.

सहाव्या रविवारी धाकटा २४१, थोरला ३१८. शेपटीचं अर्धा सेंटिमीटर गेलं, उरलेल्या टोकाची जखम सुकलीय. खोलीत मोकळं सोडायचं ते आळीपाळीनेच.