कोकोपीट म्हणजे पीट नाही! व्हायोलेटची पानं लावताना आलेला माझा अनुभव

नाशिकला मावशीकडे एक जांभळं आफ्रिकन व्हायोलेट होतं, डबल पाकळीचं, अकरा-बारा वर्षं तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत जपलेलं. मागच्या पावसाळ्यात ते बुंध्याशी कुजायला लागलं तेव्हा तिचा फोन आला, "अगं, येऊन पानं तरी घेऊन जा, तुझ्याकडे जगेल." लगेच गेले आणि सहा पानं ओल्या टिश्यूत गुंडाळून, डब्यात घालून पुण्याला आणली. पान लावणं अवघड नाही, देठ दोन-तीन सेंटीमीटर ठेवायचा, नव्या ब्लेडने तिरका कापायचा आणि खोचायचा. माझं अडलं ते कशात खोचायचं यावर.

घरात कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाची, दाबलेली वीट होती, ती भिजवून त्यात दोन पानं लावली. आठव्या दिवशी देठ तपकिरी, हात लावला तर मऊ. मग कळलं की नारळाच्या सोडणात मीठ असतं, पोटॅशियम आणि सोडियम, आणि वीट नीट धुतलेली नसेल तर ते कोवळ्या देठाला सहन होत नाही. तीन-चार पाण्यांनी धुवून वापरलं तर कोकोपीट चालतं, पण उरलेल्या चार पानांवर मला प्रयोग करायचा नव्हता. ती ग्लासात पाण्यात उभी केली आणि ठरवलं, खरं पीट मॉसच आणायचं.

आणि इथे माझे साडेपाच आठवडे गेले.

ऑनलाइन एका विक्रेत्याकडे 'पीट मॉस पॉटिंग मिक्स' मागवलं, फोटोत काळसर भुसभुशीत माल. आठ दिवसांनी खोक्यातून निघाली नारळाची वीट. चॅटवर विचारलं तर उत्तर, "मॅडम, कोकोपीट आणि पीट सेमच असतं." सेम नसतं हो! पीट म्हणजे थंड देशांतल्या दलदलीत स्फॅग्नम नावाचं शेवाळ हजारो वर्षं साचून तयार झालेला थर, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढणारा, आणि आपल्याकडे तो बाहेरूनच येतो. कोकोपीट म्हणजे सोडणाचा भुसा. हे सगळं टाइप करून पाठवलं, वीट परत केली, बदली पाकीट यायला अजून दोन आठवडे. या वेळी माल सुटा आणि गडद रंगाचा, मला वाटलं आलं एकदाचं. पण हातावर चोळलं तर पिवळट ताठ धागे निघाले. तरी खात्री करावी म्हणून चमचाभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून पीएच पट्टी (आंबटपणा मोजायची, आकडा जितका कमी तितकं आंबट) बुडवली, सहाच्या आसपास. आता आकडा एकटा काही सिद्ध करत नाही, कारण कच्चं पीट चारच्या आसपास आंबट असलं तरी चुना घातलेलं मिक्सही साडेपाच-सहा दाखवतं, पण त्या धाग्यांनी सगळं सांगितलं, हेही कोकोपीटच. पुन्हा तक्रार, पुन्हा "टीम चेक करेल". इकडे ग्लासातलं एक पान पिवळं पडलं. मावशी दर रविवारी विचारायची, "फुटलं का गं काही?" आणि मला काय सांगावं कळायचं नाही. पैसे शेवटी परत मिळाले, पण गेलेलं पान कोण देणार?

शेवटी पॉलीहाऊसवाल्यांना माल देणाऱ्या एका दुकानात गेले. त्यांनी मोठ्या गोणीतून दोन किलो सुटं दिलं, आणि मी आधी गोणीवरचं लेबल वाचू द्या म्हटलं. तेच करा, सुटं घेताना गोणी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. स्फॅग्नम पीट लिहिलेलं हवं, पीएच साडेपाच ते साडेसहा, म्हणजे चुना घातलेलं, आणि कण बारीक, शून्य ते दहा मिलिमीटर. जाड कणांचं मोठ्या कुंड्यांसाठी असतं, त्यात एवढासा देठ नीट धरत नाही. खताचं प्रमाणही बघा, मुळं फुटेपर्यंत खत लागत नाही.

घरी आणल्यावर वरून पाणी घातलं तर थेंब मोत्यासारखे घरंगळले, आत सगळं कोरडं. एकदा पूर्ण वाळलेलं पीट पाणी घेतच नाही. कोमट पाणी थोडं थोडं घालत हाताने मळलं, रात्रभर झाकून ठेवलं, सकाळी एकसारखं ओलं. मग तेवढंच परलाइट, म्हणजे मिश्रण भुसभुशीत ठेवणारे पांढरे हलके दाणे, मिसळलं (परलाइटवर आधी पाणी शिंपडा, धूळ नाकात जाते). मूठ घट्ट दाबली की दोन-तीन थेंब पडावेत, धार लागली तर जास्त ओलं आहे.

पाण्यात पांढरी मुळं फुटलेली तीन पानं भोकं पाडलेल्या ग्लासांत लावली, वरून प्लास्टिकची पिशवी, पूर्वेची खिडकी, थेट ऊन नाही. पिशवी रोज थोडा वेळ उघडायची हे विसरू नका, नाहीतर बुरशी येते. दहाव्या आठवड्यात एका देठाच्या बुडाशी मुगाच्या दाण्याएवढी दोन पानं दिसली, हिरवी, लवदार. फोटो काढायच्या आधी मावशीला फोन लावला. तीनही जगलीत, एक ग्लास दिवाळीत तिच्याकडे पोचवला.

आणि हो, उरलेलं पीट ओलसर असतानाच पिशवीचं तोंड घट्ट बांधून ठेवा, उघडं राहिलं तर पुन्हा वाळतं आणि तो कोमट पाण्याचा सगळा खटाटोप परत करावा लागतो.