हातातल्या घड्याळाचे फौजी मामा

शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे म्हणून स्मरणिकेसाठी चार ओळी लिही असं सरांचं फोनवर सांगणं झालं, आणि शाळा म्हटलं की मला पहिले आठवतात ते मामा, आमच्या आरोग्य केंद्रातले फौजी मामा. बेळगावकडं फौजी म्हटलं की लोकांना मराठा लाइट इन्फंट्रीचं मराठा सेंटरच वाटतं, पण मामा आर्मी मेडिकल कोअरमधले, लखनौला ट्रेनिंग झालेले नर्सिंग असिस्टंट. पेन्शनवर आल्यावर घरी नुसतं बसवेना म्हणून आरोग्य केंद्रात ड्रेसिंगच्या कामाला लागले.

घड्याळ घालायचे ते डायल मनगटाच्या आतल्या बाजूला, चावीचं जुनं एचएमटी. नाडी धरली की डोळ्यासमोरच काटा. डॉक्टर कन्नड बोलणारे आणि आमच्या आज्ज्यांना मराठीशिवाय काही येत नाही, मग "पोटात कळ मारायलीय" हे मामा डॉक्टरांना कन्नडमध्ये सांगायचे आणि गोळ्यांच्या पुडीवर सूर्य नि चंद्र काढून द्यायचे, सकाळची कुठली रात्रीची कुठली ते कळायला.

१५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की मैदानावर आम्हाला चार हातांची खुर्ची करायला शिकवायचे. एकदा एकानं विचारलं, "मामा, तुम्ही किती शत्रू मारले?" तर म्हणाले, "मी मारायच्या कामावर नव्हतो रे बाळ, उचलून आणायच्या."

मी नववीत असताना जुलैमध्ये रोप लावणीच्या दिवसात माझ्या मित्राला शाळेला येताना बांधावर घोणस चावली, घोट्याच्या वर. खानापूरकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, समोरचं दिसत नव्हतं. कोण म्हणतंय दोरीनं घट्ट आवळा, कोण म्हणतंय ब्लेडनं चिरा, पण आम्हा पोरांना मामांनी बजावून ठेवलेलं की बांधायचं नाही, चिरायचं नाही, त्याला एक पाऊल चालू द्यायचं नाही आणि चावल्याची वेळ लिहून ठेवायची. आम्ही हातांची खुर्ची करून त्याला आरोग्य केंद्रात नेलं, मी पेनानं माझ्याच तळहातावर ९.१० लिहिलेलं.

मामांनी आधी माझा हात बघितला. मग पाय हलू नये म्हणून फळी बांधली, थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि नळी उभी करून ठेवली, वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही. त्यातलं रक्त गोठलं नाही तर घोणशीचं विष भिनलंय असं समजायचं. ती वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. मित्र सारखा विचारायचा, "मामा, झाली काय?" आणि मामा घड्याळातून मान वर न काढता, "अजून सहा. अजून चार." नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. डॉक्टरांनी लगेच अँटिव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, लावायला सांगितलं, पावडरच्या कुप्या असतात त्या, पाणी घालून हलवल्या तर फेस येतो म्हणून मामा एकेक कुपी दोन्ही तळहातात अलगद फिरवत बसले, दहा कुप्या, हात जराही थरथरला नाही. नंतर १०८ च्या अॅम्ब्युलन्समधून बेळगावला नेलं तेव्हा मामा सोबत गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले, तसेच ओल्या कपड्यात.

मित्र आज स्वतःची शेती करतो, गमबूट घातल्याशिवाय बांधावर पाय ठेवत नाही, मामांनी त्याच्याकडून तसं कबूल करून घेतलेलं.

मामा गेले तेव्हा मी बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत सेकंड शिफ्टला होतो, पोचेपर्यंत सगळं उरकलेलं. मामी सांगत होत्या, शेवटच्या रात्री पण स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडं बघत पडले होते, आणि मध्येच त्यांना म्हणाले, वेळ लिहून ठेव.