दोन बादल्या आणि एक जीन्स

सोलापुरात पहिल्याच सकाळी मी दोन बादल्या पाण्याने आंघोळ केली आणि वर जीन्स धुऊन वाळत टाकली. पुण्याच्या वाचकाला या वाक्यात काही वावगं दिसणार नाही. सोलापूरकराने मात्र इथेच कपाळावर हात मारला असेल.

पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, मावशीकडे जायचं मी सात वर्षं टाळत आलो होतो. कारण एकच, ऊन. त्या दिवसांत दुपारी बारानंतर सोलापूरच्या रस्त्यावर फक्त कुत्री आणि पुण्याचे पाहुणे दिसतात. यंदा आई नव्हती. ती गेल्यानंतरचा हा पहिलाच ईस्टर, आणि तिच्या बाजूचं माणूस आता मावशी एवढंच उरलंय, म्हणून गेलो.

संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली. दिवस मावळता मावळता केडगाव मागे पडलं. लहानपणी या गावाजवळून जाताना आई हमखास खिडकीबाहेर बोट दाखवायची, "रमाबाईंचं मुक्ती मिशन." मी बघायचो तर नुसती शेतं. निराधार मुली-बायकांसाठी हे मिशन काढणाऱ्या पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले होते. त्याच रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन निराधार मुलींना घेऊन आल्या. ज्या भुकेने आपलं घर खाल्लं त्या भुकेच्या तोंडाशी कुणी आपण होऊन परत जातं, हे मला कळत नाही. मी तर ज्या दवाखान्यात आई गेली, त्या रस्त्यानेही आता जात नाही.

गाडीला हे नाव सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरून पडलंय. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, 12 जानेवारी 1931 ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेले. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, अशा माणसाला वेगळा शब्द आहे, रक्तसाक्षी. मुळातल्या ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता साक्षीदार असा होतो, रक्त पुढे इतिहासाने त्यात मिसळलं. हुतात्मा म्हटलं की आहुती दिसते, रक्तसाक्षी म्हटलं की आधी कोर्ट दिसतं. डब्यात सीट मिळाली नव्हती, दौंडपर्यंत उभं राहून हाच विचार करत होतो. सीट मिळाल्यावर झोप लागली.

तर आंघोळ.

मावशी ऐंशीच्या पुढची. मिरजेला, डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या मिशन दवाखान्यात तिचं नर्सिंगचं शिक्षण झालं. लग्न केलं नाही. सोलापुरात दोन खोल्या, वर गच्ची, न्हाणीबाहेर एक निळं पिंप. मी उठलो तेव्हा दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या, एक गरम, एक गार. मला वाटलं, पाहुण्याची बडदास्त. दोन्ही संपवल्या. जीन्सला प्रवासाची धूळ होती म्हणून पिंपातून आणखी चार तांबे घेतले. पिंपात हात बराच खोल घालावा लागला, तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

बाहेर आलो तर मावशी स्वयंपाकघरात ओल्या फडक्याने मान आणि हात पुसत होती. म्हटलं, "तू आंघोळ नाही करणार?"

"झाली की," ती म्हणाली.

खरी गोष्ट शेजारणीकडून कळली. शहराच्या पूर्व भागातून इकडे राहायला आलेलं तेलुगू विणकरांचं कुटुंब, घरात आठवड्याची बाळंतीण. ती बाई वाळत टाकलेल्या जीन्सकडे बघत म्हणाली, "दादा, पाणी आता रविवारी येतंय. चार दिवसाआड. मंगळवारी जोरच नव्हता नळाला. आमची टाकी भरली नाही, मग मावशी दोन घागरी दिल्या."

म्हणजे मंगळवारी मिळालेल्या अर्ध्या पिंपातल्या दोन घागरी बाळंतिणीला, दोन बादल्या मला, आणि जे उरलं त्यातलं माझ्या जीन्सला. मावशीला फडकं.

लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण नंतर. आधी राग आला, आणि तो मी इथे लपवणार नाही. हे काय वागणं झालं? मला एक शब्द सांगता येत नव्हता? मी काय परका आहे? असा त्याग समोरच्याला न विचारता त्याच्या नावावर कर्ज चढवतो. मी तिला जवळजवळ ओरडूनच विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू आंघोळ केली असतीस का?"

"नसती केली!"

"मग?" असं म्हणून ती तव्याकडे वळली. तिच्या लेखी वाद संपला होता. मी गरम भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, दही घेतलं, आणखी अर्धी भाकरी घेतली. राग असला तरी सोलापूरची शेंगाचटणी ती शेंगाचटणीच.

प्रायश्चित्त म्हणून दुपारी उन्हात जाऊन पिण्याच्या पाण्याचे दोन जार सांगितले. ऐंशी रुपये. तासाभराने बघतो तर घरात एकच जार. दुसरा कुठे गेला हे विचारलं नाही, भिंतीपलीकडे बाळ रडत होतं.

त्या संध्याकाळी देवळात पाय धुण्याची उपासना होती. (आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात, पुण्याच्या मित्रांना दर वेळी समजवावं लागतं.) सगळ्या मंडळ्यांत ही पद्धत नाही, इथे मात्र आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, हे बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात आहे. ते काम त्या काळी घरातल्या गुलामाचं. पुढे बारा खुर्च्या मांडल्या होत्या, मंडळीतले बारा जण बसले होते. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, झगा उतरवून ठेवला, पितळी परात घेतली आणि एकेकासमोर गुडघ्यावर बसू लागले. प्रत्येकाला एक तांब्या. मी मागे बसून मोजत होतो, दिवसभर दुसरं काही मोजलंच नव्हतं. बारा जणांचे पाय माझ्या एका जीन्सपेक्षा कमी पाण्यात धुऊन झाले.

मावशी सातव्या खुर्चीवर. पाळकसाहेब समोर आले तसे तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "नको साहेब. मणक्याचं दुखणं आहे तुमचं. वाकू नका." आवाज खालचा, पण देऊळ लहान. लोक हसले. पाळकसाहेबही हसले आणि म्हणाले, "बाई, पेत्रही असंच म्हणाला होता."

येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र यानेही आधी नकोच म्हटलं होतं. मग येशू त्याला म्हणतो की मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. लहानपणी चर्चच्या शब्बाथ शाळेत हे ऐकताना पेत्र मला विनयशील वाटायचा. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदाच हट्टी वाटला, मावशीसारखा. देणाऱ्यालाही घ्यायला जड जातं. मावशीने शेवटी पाय पुढे केले, पण पाळकसाहेबांनी पुसायला घेतल्यावर रुमाल त्यांच्या हातातून काढून आपले पाय आपणच पुसले.

रात्री गच्चीवर गाद्या टाकल्या. गरम वारा, कुठेतरी पॉवरलूमचा खडखडाट. आईबद्दल बोलणं झालं. मग बरेच दिवस मनात होतं ते मी विचारलं. मावशीचा पगार तीन भावांच्या शिक्षणात गेला, त्या काळात एक स्थळ आलं होतं, ते आजोबांनी परस्पर परत पाठवलं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. "मावशी, तुला असं वाटत नाही का, की तू दिलं नाहीस, तुझ्याकडून काढून घेतलं?"

ती इतका वेळ गप्प होती की मला वाटलं झोपली.

"रात्रपाळ्या केल्या, त्या मी दिल्या," ती म्हणाली. "टायफॉइडच्या वॉर्डात नको म्हणून सगळ्या पळायच्या, तिथं मी मागून घेतली ड्युटी. ते माझं. लग्नाचं म्हणशील तर ते घेतलं. दोन्हीचा हिशेब मी वेगळा ठेवलाय."

"आणि त्यांना माफ केलंस?"

"केलं. पण त्याला मी त्याग म्हणत नाही बाबा. कुणी म्हटलं तर मला राग येतो."

योहानाच्याच दहाव्या अध्यायात येशू आपल्या प्राणाविषयी म्हणतो, की तो कुणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन देतो. पन्नासएक वेळा वाचलेलं वाक्य. त्याचा असा अर्थ लावून मला आजवर कुणी दाखवला नव्हता, मावशीनेही तो दाखवायला म्हणून सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. बारा ते तीन उपासना, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात वक्ते. एकेकाला वीस मिनिटं दिलेली, एकानेही पाळली नाहीत. मध्येच वीज गेली. मावशी तीनपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही. एका वक्त्याने माक्सिमिलियन कोल्बे सांगितले आणि चांगले सांगितले. 1941 मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत दहा कैद्यांना उपाशी मारायला निवडलं, त्यातला एकजण बायकामुलांच्या नावाने रडला, तेव्हा हा पोलिश पाद्री रांगेतून पुढे आला आणि त्याच्या जागी गेला. तो वाचलेला माणूस 1995 पर्यंत जगला. देवळात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

आणि मग त्याच वक्त्याने कोल्बेंवरून गाडी थेट घरातल्या बायकांवर आणली. नमतं घ्या, सोसा, सासरी उलट बोलू नका, हाच तुमचा वधस्तंभ. मी आजूबाजूला पाहिलं. बायका माना डोलावत होत्या. मावशी डोलावत नव्हती, हातपंख्याने वारा घेत सरळ समोर बघत होती. अहो, कोल्बे स्वतःहून पुढे आले होते! त्यांना कुणी रांगेतून ढकललं नव्हतं. दुसऱ्याला 'तू सोस' म्हणायला काहीच खर्च येत नाही, आणि ते म्हणणारा बहुतेक वेळा पंख्याखाली बसलेला असतो. त्या दिवशी पंखे बंद होते, तेवढाच न्याय.

माझ्यामागे यायचं तर आपला वधस्तंभ उचला, असं येशू म्हणतो. शुभवर्तमानात हे वाक्य लिहिताना लूकने 'दररोज' असा एक शब्द घातलाय, मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत तो नाही. यावर कुणीतरी बोलायला हवं होतं. कोल्बेंसारखा प्रसंग लाखात एखाद्यावर येतो. दररोज येतो तो पाण्याचा प्रश्न.

पाचवा उद्गार "मला तहान लागली आहे" हा. त्या उद्गाराच्या वेळी मी बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या माठातलं दोन पेले पाणी प्यालो. कबूल करतो.

शनिवारी सिद्धेश्वराचा तलाव बाहेरून पाहिला, किल्ला उन्हामुळे नाही, एक चादर घेतली. डॉ. कोटणीसांच्या घरी त्यांचं स्मारक केलंय, तिथे मावशी हट्टाने बरोबर आली. सोलापूरचा हा मुलगा 1938 मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक, 1942 मध्ये तिथेच वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेला. "हे आपल्यातले नव्हते," मावशी फोटोपुढे उभी राहून म्हणाली, "पण आमच्या मेट्रनबाई नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला यांचंच नाव सांगायच्या." पाच मिनिटं ती तशीच उभी होती. कालच्या तीन तासांत ती इतकी तल्लीन दिसली नव्हती, हे माझं मत.

पाणी रविवारी पहाटे तीनच्या सुमारास येणार होतं. मी जाहीर केलं की पाणी मी भरणार. पाइप कुठे लावायचा, पिंपानंतर घागरी, मग शेजाऱ्यांकडे पाइप टाकायचा, सगळं विचारून घेतलं. पाच वाजता पुनरुत्थानाची पहाटेची उपासना, म्हणजे पाणी भरून तसंच देवळात. दोन पन्नासचा गजर लावला. मावशीला बजावलं, "तू उठायचं नाहीस." ती म्हणाली, "बरं."

जाग आली तेव्हा तोंडावर ऊन होतं. सव्वासात. गजर कधी बंद केला, आठवत नाही. खाली आलो. पिंप काठोकाठ भरलेलं, वर झाकण. घागरी, कळशा, पातेली, अगदी चहाचं भांडंसुद्धा भरलेलं. पाइप गुंडाळून खिळ्याला टांगलेला. शेजारी नुकतेच धुतलेले बाळाचे लंगोट दोरीवर ओळीने लावलेले. घरात कुणी नाही. येशूच्या कबरेकडेही पहिल्या ईस्टरच्या पहाटे बायकाच गेल्या होत्या, पुरुष घरात होते, हे तेव्हा आठवून काही उपयोग नव्हता. न्हाणीत दोन बादल्या भरून ठेवलेल्या, एक गरम, एक गार. गरमवर ताट झाकलेलं.

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. फाटक वाजलं. मावशी आली, पांढरं लुगडं, हातात उपासनेचं पुस्तक आणि उकडलेली रंगीत अंडी बांधलेला रुमाल.

"ख्रिस्त उठला आहे," ती म्हणाली.

"खरोखर उठला आहे," मी म्हणालो.

"आणि तू कधी उठलास?"