हवेला न सोसणारा जंतू

जानेवारी २०२५. पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गुलियन-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटण्याचा आजार) रुग्ण वाढलेले, आणि काहींच्या शौचात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जुलाबाचा जंतू सापडल्याचं जाहीर झालेलं. एरवी स्टूल कल्चर, म्हणजे शौचातले जंतू वाढवून ओळखणं, म्हटलं की साल्मोनेला-शिगेला या नेहमीच्या जंतूंच्या पलीकडे कुणी विचारत नाही. आता लॅबच्या फोनवर पहिला प्रश्न, "कॅम्पायलो लावता का?"

अशातच एका रुग्णाचे एकाच वेळचे दोन नमुने आले. एक साध्या डबीत, दुपारपर्यंत टेबलावर पडून राहिलेला. दुसरा कॅरी-ब्लेअरमध्ये (नमुन्यातले जंतू वाटेत जिवंत ठेवणारं माध्यम), बर्फावर. जुलाब नुकतेच लागलेले, अँटिबायोटिक अजून नाही; म्हणजे वेळ अगदी योग्य. जीबीएस दिसतो तो बहुधा जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी, तोवर कल्चरमध्ये जंतू हाती लागेलच असं नाही.

दोन्ही नमुने कोळसा आणि सेफोपेराझोन (इतर जंतूंना दाबणारं अँटिबायोटिक) असलेल्या प्लेटवर ओढून एकाच जारमध्ये ठेवले. कॅम्पायलोबॅक्टरला ऑक्सिजन लागतो, पण पाच टक्क्यांच्या आसपास. जोडीला दहा टक्के कार्बन डायऑक्साइड. आत मेणबत्ती पेटवून बंद केलेल्या जारमध्ये ऑक्सिजन त्याच्या मानाने फारच जास्त उरतो. घाईत ऑक्सिजन शोषून घेणारं अनएरोबिक पाकीट टाकलं तरी प्लेट कोरी. तापमान ४२ अंश, कारण त्यावर आतड्यातले इतर बरेच जंतू मागे पडतात. आणि ४८ तास जार उघडायचा नाही. हेच सगळ्यांना जड जातं.

डबीवाल्या प्लेटवर काही नाही. कॅरी-ब्लेअरच्या प्लेटवर राखाडी, चपट्या, ओलसर वसाहती, रेघेच्या कडेने पसरलेल्या. ओल्या स्लाइडवर सुईसारखे सणसणत जाणारे जंतू. ग्रामच्या रंगपद्धतीत सॅफ्रानिन हा नेहमीचा गुलाबी रंग फिकं पडतं, म्हणून कार्बोल फुक्सिन वापरलं: लहान मुलं चित्रात पक्षी काढतात तशा बारीक गुलाबी वेलांट्या. प्लेट हवेत राहिली की हेच जंतू गोल होतात आणि बघणारा फसतो, त्यामुळे स्लाइड ताज्या वसाहतीचीच हवी.

ऑक्सिडेज, कॅटलेज या ओळखीच्या दोन्ही चाचण्या पॉझिटिव्ह. हिप्युरेट चाचणीत निनहायड्रिन घातल्यावर गडद जांभळा रंग, म्हणजे जेजुनाय. त्याचा भाऊबंद कॅम्पायलोबॅक्टर कोलाय असता तर रंग आला नसता. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या चकतीभोवती झोन (जंतू न वाढलेली मोकळी जागा) नाही, एरिथ्रोमायसिनभोवती मोठा. रिपोर्ट टाइप होण्याआधीच डॉक्टरांना फोन केला: सिप्रो नको, अझिथ्रोमायसिनचा विचार करा.