ऑपरेशन पुढे गेलं, पेशंट मात्र उपाशीच

दुपारी 1 वाजता एका पेशंटचा मुलगा नर्सिंग स्टेशनवर येऊन ओरडायला लागला. आईचं ऑपरेशन सकाळी 9 ला होतं, रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) फोन आला की सांगतो.’ त्याचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं. पहाटे इमर्जन्सी केस आल्याने दिवसभराच्या ऑपरेशन्सची लिस्ट मागे पडली होती. ओटीने सर्जनना कळवलं, वॉर्डला कळवायचं राहून गेलं.

अशा वेळी आधी पेशंटकडे धावायचं, तक्रार मागाहून. बाई मधुमेही. हाताला घाम सुटलेला, ग्लुकोमीटरवर साखर 64. सत्तरच्या खाली म्हणजे थांबायला वेळच नाही. ड्यूटी डॉक्टरांच्या ऑर्डरने शिरेतून डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) दिलं, 15 मिनिटांनी पुन्हा तपासली तेव्हा 118. मग भूलतज्ज्ञांना फोन. ते म्हणाले, 4 च्या आत काही नंबर लागत नाही. भुलेआधी हलकं खाणं 6 तास बंद, पण साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. मधुमेहात पोट उशिरा रिकामं होऊ शकतं, म्हणून हे आपल्या मनाने ठरवायचं नाही. त्यांनी होकार दिल्यावरच अर्धा ग्लास पाणी दिलं.

मग मुलाला आतल्या खोलीत बसवलं. कॉरिडॉरमध्ये चार लोकांसमोर कुणाचाच आवाज खाली येत नाही. त्याचं बोलणं मध्ये न तोडता त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं. ‘इमर्जन्सी आली होती’ हे कारण खरं असलं तरी सुरुवातीलाच सांगितलं की सबब वाटते. म्हणून आधी म्हटलं, “आईंना इतका वेळ उपाशी ठेवलं आणि तुम्हाला कुणी काही कळवलं नाही. चूक आमची आहे.” ओटीचं नाव घेतलं नाही. नातेवाइकांना वॉर्ड वेगळा, ओटी वेगळी असं नसतंच.

ऑपरेशनची वेळ कबूल करायची नाही, ती आपल्या हातात नसते. पुढची खबर कधी देणार, ती वेळ मात्र नक्की सांगायची आणि पाळायची. अडीचला येते म्हटलं होतं. अडीचला सांगण्यासारखं नवीन काही नव्हतं, तरी गेले. तो खरा शांत झाला तो तेव्हा. पावणेपाचला बाईंना आत घेतलं.

रजिस्टरमध्ये वेळा, साखरेचे आकडे, कुणाला फोन केला ते सगळं लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यावर बसलो तेव्हा मूळ सापडलं: ‘रात्री 12 नंतर काही नाही’ ही एकच सूचना सगळ्या लिस्टला. सकाळच्या पहिल्या केसला ती ठीक, दुपारच्या पाचव्या केसला जाच. आता केसपेपरवर खाणं आणि पाणी कधी बंद, या दोन वेळा वेगवेगळ्या लिहितो. लिस्ट बदलली की ओटीने वॉर्डलाही फोन करायचा, आणि घेणाऱ्याने वेळ टाकून सही करायची. हे सगळं अजूनही निसटतं ते ड्यूटी बदलताना. म्हणून ऑपरेशनसाठी उपाशी असलेल्या प्रत्येक पेशंटचं नाव हँडओव्हरमध्ये सगळ्यात आधी घेतो.